नैसर्गिक वायू : क्षेत्र, वाहिनी आणि ग्राहक – नागपूर–जबलपूर वाहिनीच्या आधारे अभ्यास

या पाठात आपण पुढील गोष्टी पाहणार आहोत :
• वायुक्षेत्राचा विकास कोणत्या टप्प्यांतून होतो.
• मोठ्या वायुवाहिनीचा मार्ग आणि आकार कशावरून ठरतो.
• जबलपूरसारख्या मोठ्या शहराजवळ वाहिनी येण्यास इतका काळ का लागला.
• वाहिनी यशस्वी झाली की नाही, हे कसे मोजायचे.
• वाहिनीखालची जमीन आणि वाहिनीजवळची वस्ती यांचे प्रश्न कोणते.

१. प्रस्तावना

५ ऑक्टोबर २०२३ रोजी जबलपूर येथे पंतप्रधानांच्या हस्ते नागपूर–जबलपूर वायुवाहिनीची पायाभरणी झाली. या वाहिनीची लांबी ३१७ किलोमीटर असून खर्च ११०० कोटी रुपयांहून अधिक सांगण्यात आला. 'गेल' या सार्वजनिक कंपनीच्या मुंबई–नागपूर–झारसुगुडा या मोठ्या वाहिनीची ही एक शाखा आहे.

आता मध्य भारताचा नकाशा समोर घ्या. जबलपूरच्या वायव्येला, गुणा जिल्ह्यात विजयपूर आहे. तेथे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वायू येतो. पूर्वेला शहडोल आहे. तेथे कोळशाच्या थरांतून वायू काढला जातो. उत्तरेला शेजारच्याच दमोह जिल्ह्यात हटा आहे. तेथील विहिरीत ओएनजीसीला वायू आढळला आहे. म्हणजे तीन दिशांना वायू आहे, तरी जबलपूरला जोडणारी मोठी वाहिनी २०२३ मध्ये पायाभरणीपर्यंत आली, आणि तीही चौथ्या दिशेने, दक्षिणेकडून नागपूरहून. असे का झाले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना नैसर्गिक वायूच्या संपूर्ण व्यवहाराची ओळख होते. त्यातील मुख्य सूत्र आधीच नोंदवून ठेवू : वायूचे क्षेत्र, वायूची वाहिनी आणि वायूचा ग्राहक या तीन गोष्टी एकाच वेळी उभ्या राहाव्या लागतात. तिन्हींपैकी एक जरी मागे राहिली, तर उरलेल्या दोहोंमधील गुंतवणूक पडून राहते.

२. वायू इतर इंधनांपेक्षा वेगळा का?

कोळसा खाणीतून काढून ढीग करून ठेवता येतो. ग्राहक मिळेल तेव्हा तो रेल्वेच्या वाघिणीतून पाठवता येतो. कच्चे तेल टाकीत साठवता येते, जहाजात भरता येते. नैसर्गिक वायूचे तसे नाही. त्यात मुख्यतः मिथेन असतो. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला तो फार जागा व्यापतो. एका घनमीटर वायूत जेवढी उष्णता असते, साधारण तेवढीच एका लिटर डिझेलमध्ये असते. म्हणजे एक बाटली डिझेलचे काम करायला जवळजवळ कपाटाएवढा वायू लागतो.

ही जागा कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, वायू सुमारे उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचे द्रवात रूपांतर करणे. यालाच द्रवरूप नैसर्गिक वायू किंवा एलएनजी म्हणतात. त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी कमी होते. दुसरा, वायूवर मोठा दाब देणे. वाहनांच्या टाकीतील सीएनजी सुमारे २०० बार दाबाखाली असतो. दोन्ही मार्ग खर्चिक आहेत. जमिनीवरून सतत आणि मोठ्या प्रमाणात वायू न्यायचा असेल, तर वाहिनीच स्वस्त पडते.

वाहिनीचा खर्च मात्र आधीच करावा लागतो. पोलाद, जमीन, कंप्रेसर यांसाठी लागणारा पैसा पहिला घनमीटर वाहण्याआधी खर्ची पडलेला असतो. त्यामुळे वायू वीस-पंचवीस वर्षे नक्की मिळेल आणि तितकीच वर्षे कोणीतरी तो नक्की घेईल, अशा दोन्ही खात्री असल्याशिवाय वाहिनी टाकली जात नाही.

या पाठात वायू घनमीटरमध्ये मोजला आहे. मोठे आकडे 'दशलक्ष घनमीटर प्रतिदिन' असे सांगतात. एक दशलक्ष म्हणजे दहा लाख.

३. वायुक्षेत्राचा विकास : शोधापासून उत्पादनापर्यंत

वायू सापडणे आणि वायुक्षेत्र विकसित होणे यांत मोठे अंतर असते. त्या अंतरातील टप्पे असे :

(अ) भूकंपलहरींच्या साहाय्याने जमिनीखालच्या खडकांचे सर्वेक्षण.
(आ) शोधविहीर खोदणे आणि तिच्यातून किती वायू येतो याची चाचणी.
(इ) आणखी काही विहिरी खोदून साठ्याची व्याप्ती ठरवणे.
(ई) विकास आराखडा : किती विहिरी, कोठे, किती वर्षे, किती उत्पादन.
(उ) उत्पादन विहिरी, गोळा करणाऱ्या वाहिन्या आणि प्रक्रिया केंद्र यांची उभारणी.
(ऊ) उत्पादन : आधी चढती, नंतर स्थिर आणि शेवटी उतरती पातळी.

मुंबई हायचे उदाहरण घेऊ. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात 'सागर सम्राट' या रिगने १९७४ मध्ये तेलाचा शोध लावला. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. हे मुख्यतः तेलाचे क्षेत्र होते आणि तेलाबरोबर वायूही वर येत होता. यालाच सहयोगी वायू म्हणतात. तेल जहाजाने नेता येत होते. वायूसाठी वाहिनी आणि ग्राहक तयार होईपर्यंत त्यातील बराचसा भाग समुद्रातच जाळून टाकावा लागे. पुढे उरणपर्यंत समुद्रतळावरून वाहिनी आली आणि तुर्भे, थळ येथील खत कारखान्यांना हा वायू मिळू लागला.

मुंबई हायपेक्षा किनाऱ्याला जवळ असलेले वसई क्षेत्र वेगळ्या प्रकारचे होते. तेथे मुख्यतः वायूच होता आणि तो मोठ्या प्रमाणात होता. त्यात हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त विषारी घटक होता. तो वेगळा केल्याशिवाय वायू वापरता येत नव्हता. त्यासाठी गुजरातमधील हजीरा येथे प्रक्रिया केंद्र उभारले गेले. समुद्रातील प्लॅटफॉर्म, हजीऱ्यापर्यंतची समुद्राखालची वाहिनी, प्रक्रिया केंद्र आणि तेथून पुढे उत्तर भारतात जाणारी वाहिनी ही सारी साखळी एकत्रच आखावी लागली.

आता जबलपूरच्या शेजारच्या दोन साठ्यांकडे वळू.

शहडोल : येथील सोहागपूर पूर्व आणि सोहागपूर पश्चिम या गटांत कोळशाच्या थरांना चिकटून राहिलेला मिथेन रिलायन्स कंपनी काढते. थरांतील पाणी उपसले की दाब कमी होतो आणि वायू सुटू लागतो. येथे एकेका विहिरीतून थोडाच वायू मिळतो, म्हणून शेकडो उथळ विहिरी खोदाव्या लागतात. व्यापारी उत्पादन २०१७ मध्ये सुरू झाले.

हटा : दमोह जिल्ह्यातील हे क्षेत्र विंध्य खोऱ्यात येते. येथील खडक अतिप्राचीन आणि घट्ट आहेत. त्यांच्यातून वायू सहज वाहत नाही. ओएनजीसीच्या येथील एका विहिरीतून चाचणीत दिवसाला ६० हजार घनमीटरच्या आसपास वायू मिळाला. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने ही मोठी घटना आहे, कारण या खोऱ्यातून आधी व्यापारी उत्पादन झालेले नव्हते. तथापि एका विहिरीच्या चाचणीवरून वाहिनी आखता येत नाही. टप्पा (आ) आणि टप्पा (उ) यांमध्ये अनेक वर्षे जाऊ शकतात, आणि काही शोध तर पुढे सरकतच नाहीत.

४. वाहिनीचा मार्ग कोण ठरवतो?

वाहिनीच्या मार्गावर जे मोठे आणि कायमचे ग्राहक असतात, त्यांना आधार-ग्राहक म्हणता येईल. भारतात हे स्थान प्रामुख्याने युरिया कारखान्यांनी आणि काही प्रमाणात वीजकेंद्रांनी घेतले. युरियासाठी वायू इंधन आहे आणि कच्चा मालही आहे, म्हणून तो कारखाना बाराही महिने सारखा वायू घेतो.

हजीरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनी हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. ती बांधण्यासाठी आणि चालवण्यासाठी ऑगस्ट १९८४ मध्ये गेल कंपनीची स्थापना झाली. सुमारे १७०० किलोमीटरची ही वाहिनी गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतून जाते. मध्य प्रदेशात विजयपूर, राजस्थानात कोट्याजवळील गडेपान, उत्तर प्रदेशात आंवला, बबराला, शाहजहानपूर आणि जगदीशपूर येथील युरिया कारखाने तिच्यावर उभे राहिले. अंता, औरैया आणि दादरी येथील वीजकेंद्रेही तिच्यावरच आली.

ही नावे नकाशावर जोडली तर वाहिनीची रेषा आपोआप मिळते. गहू-भात पिकवणाऱ्या उत्तरेतील मैदानाला युरिया लागत होता, म्हणून कारखाने तेथे गेले आणि वाहिनी त्यांच्यामागे गेली. जबलपूर या रेषेपासून बाजूला राहिले. जबलपूर हे लष्करी उत्पादनाचे, रेल्वेचे आणि न्यायालयाचे शहर. तेथे असा एकही प्रचंड वायूग्राहक नव्हता.

शहडोलच्या वायूचेही असेच झाले. तो बाहेर नेण्यासाठी शहडोल ते फूलपूर ही ३०२ किलोमीटरची वाहिनी टाकली गेली. फूलपूर उत्तर प्रदेशात, प्रयागराजजवळ आहे. तेथे ही वाहिनी राष्ट्रीय जाळ्याला मिळते. एकदा वायू जाळ्यात शिरला की देशातील कोणत्याही ग्राहकाला विकता येतो. म्हणून शहडोलचा वायू जवळच्या जबलपूरकडे न वळता उत्तरेला गेला.

५. एक सोडवलेले उदाहरण : स्वयंपाकघरे आणि कारखाना

'शहर एवढे मोठे आहे, तर शहरासाठीच वाहिनी का टाकत नाहीत?' असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर आकड्यांतून काढू. पुढील आकडे ढोबळ आहेत आणि समजण्यासाठी घेतले आहेत.

पायरी १. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. त्याच्याइतकी उष्णता सुमारे १८ घनमीटर नैसर्गिक वायूत असते. एक सिलिंडर ४० दिवस पुरतो असे धरल्यास एका घराला दिवसाला १८ ÷ ४० = ०.४५ घनमीटर वायू लागेल.

पायरी २. २०११ च्या जनगणनेनुसार जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २४.६ लाख होती. म्हणजे सुमारे ५ लाख घरे. यातील प्रत्येक घराने, अगदी खेड्यापाड्यांतीलही, वायू घेतला तर मागणी ५ लाख × ०.४५ = २.२५ लाख घनमीटर प्रतिदिन.

पायरी ३. वर्षाला १२.७ लाख टन युरिया करणाऱ्या आधुनिक कारखान्याला दिवसाला साधारण २२ लाख घनमीटर वायू लागतो.

निष्कर्ष : संपूर्ण जिल्ह्यातील सर्व चुली एकत्र केल्या तरी त्या एका युरिया कारखान्याच्या जेमतेम एक दशांश भरतात.

आता याचा वहनखर्चावर काय परिणाम होतो ते पाहू. ११०० कोटी रुपयांच्या वाहिनीवर वर्षाला १२ टक्के भार धरला, तर १३२ कोटी रुपये दरवर्षी वसूल व्हायला हवेत. देखभाल आणि चालवण्याचा खर्च येथे सोडून दिला आहे.

• फक्त घरगुती मागणी असेल : २.२५ लाख × ३६५ = सुमारे ८.२ कोटी घनमीटर. दर घनमीटरमागे वहनखर्च सुमारे १६ रुपये.
• दिवसाला २४ लाख घनमीटर वायू वाहत असेल : सुमारे ८७.६ कोटी घनमीटर. दर घनमीटरमागे वहनखर्च सुमारे दीड रुपया.

वाहिनी तीच आणि पोलादही तेच, तरी वहनखर्चात दहापटींहून अधिक फरक पडला. वाहिनी किती भरून वाहते यावर वायूची किंमत किती अवलंबून असते, ते यावरून दिसते.

प्रत्यक्षात दर असे एकेका शाखेवर ठरत नाहीत. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ ते ठरवते. १ एप्रिल २०२३ पासून मंडळाने एकत्रित दरपद्धती लागू केली. त्या वेळी अंतरानुसार तीन विभाग केले गेले : ३०० किलोमीटरपर्यंत, ३०० ते १२०० किलोमीटर आणि त्यापलीकडे. पुढे या विभागांच्या रचनेत बदलही झाले. किनाऱ्यापासून दूर असलेल्या प्रदेशांना वायू फार महाग पडू नये, हा या पद्धतीचा हेतू आहे. जबलपूरसारख्या आतल्या शहराच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे, कारण कमी वाहणाऱ्या शाखेचा भार काही अंशी सबंध जाळ्यावर वाटला जातो. भार वाटला गेला तरी तो नाहीसा होत नाही. तो इतर ग्राहक उचलतात.

६. तिघांपैकी एक मागे राहिला तर

(अ) क्षेत्र मागे राहिले : कृष्णा–गोदावरी खोऱ्यातील केजी-डी६ हा गट. बंगालच्या उपसागरात खोल पाण्याखाली २००२ मध्ये येथे मोठा वायूसाठा सापडला. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. दिवसाला ८० दशलक्ष घनमीटरचे लक्ष्य होते आणि तेवढ्याच क्षमतेची वाहिनी काकीनाड्यापासून भरूचपर्यंत टाकली गेली. आंध्र, तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्र आणि गुजरात असा तिचा मार्ग आहे. उत्पादन २०१० मध्ये ६० दशलक्षांच्या आसपास गेले, पण नंतर झपाट्याने घसरले. विहिरींत पाणी आणि वाळू शिरू लागली, दाब कमी झाला. मूळ दोन क्षेत्रांचे उत्पादन फेब्रुवारी २०२० मध्ये थांबले. या काळात हजारभर किलोमीटरहून लांब वाहिनी बहुतांशी रिकामी राहिली. वायूच्या भरवशावर उभारलेली अनेक वीजकेंद्रेही बंद पडली. डिसेंबर २०२० पासून त्याच गटातील नवी क्षेत्रे सुरू झाली, तेव्हा वाहिनीला पुन्हा काम मिळाले.

(आ) बंदर मागे राहिले : रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ. येथे आयात केलेला एलएनजी उतरवण्याचे केंद्र आहे, मोठे वीजकेंद्र आहे आणि बंगळुरूकडे जाणारी वाहिनीही आहे. मात्र समुद्रात लाटा अडवणारी भिंत दीर्घकाळ अपुरी राहिली, त्यामुळे पावसाळ्याच्या महिन्यांत जहाजे लागू शकत नसत. वर्षाचे काही महिने बंद राहणाऱ्या स्रोतावर कोणताही कारखाना विसंबून राहत नाही.

(इ) तिघे एकत्र आले : जगदीशपूर–हल्दिया आणि बोकारो–धामरा वाहिनी. पूर्व भारतात मोठे ग्राहक नव्हते, म्हणून वाहिनी नव्हती. वाहिनी नव्हती, म्हणून गोरखपूर, बरौनी आणि सिंद्री येथील जुने खत कारखाने बंदच होते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने वाहिनीच्या भांडवली खर्चापैकी ४० टक्के, म्हणजे ५१७६ कोटी रुपये, अनुदान म्हणून मंजूर केले आणि त्याच वेळी हे कारखाने नव्याने उभारण्याचे काम हाती घेतले. दोन्ही कामे बरोबरीने पुढे गेल्यामुळे वाहिनी सुरू होताना ग्राहक तयार होता.

७. मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनी आणि जबलपूर शाखा

या पार्श्वभूमीवर आता मूळ विषयाकडे येऊ. मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनीची एकूण लांबी सुमारे १७५५ किलोमीटर आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशा ही चार राज्ये ती जोडते. पश्चिम किनाऱ्यावर देशातील समुद्री वायू उतरतो आणि आयात केलेला एलएनजीही उतरतो. हा वायू विदर्भात, छत्तीसगडात आणि पुढे ओडिशात नेणे हे या वाहिनीचे काम आहे. झारसुगुडा येथे पूर्वेकडील जाळे जवळ येते. त्यामुळे एका किनाऱ्यावर तुटवडा पडला तर दुसऱ्या किनाऱ्याचा वायू वळवण्याची सोयही होते.

या वाहिनीचे एक वैशिष्ट्य महाराष्ट्रातील वाचकांना जवळचे वाटेल. मुंबई–नागपूर टप्प्यातील बहुतांश भाग समृद्धी महामार्गाला लागून, सुमारे तीन मीटर रुंदीच्या राखीव पट्टीत टाकला गेला. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गासाठी जमीन आधीच घेतलेली होती. त्यामुळे वाहिनीसाठी पुन्हा वेगळ्याने शेतांतून मार्ग काढावा लागला नाही. अरुंद पट्टीत मोठ्या व्यासाची नळी जोडणे आणि चरात उतरवणे हे काम मात्र कठीण असते, कारण यंत्रांना वळायलाही जागा नसते.

नागपूरहून जबलपूरची शाखा निघते. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि नागपूर त्याची राजधानी होती. दोघांच्या मध्ये सातपुड्याच्या रांगा, जंगले आणि पलीकडे नर्मदेचे खोरे आहे. खडकात चर खोदणे, नद्यांच्या तळाखालून नळी ओढून नेणे, वनजमिनीची परवानगी मिळवणे ही या भूभागातील कामे सपाट मैदानापेक्षा अधिक वेळ घेतात.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : या शाखेचा ग्राहक कोण? युरिया कारखाना येथे नाही, म्हणून मागणी अनेक लहान-मध्यम ग्राहकांची मिळून उभी करावी लागेल. शक्यता अशा :

• वाहने. एक किलो सीएनजी म्हणजे साधारण १.४ घनमीटर वायू. एक ऑटो दिवसाला ४ किलो घेते असे धरल्यास दहा हजार ऑटोंची मागणी ५६ हजार घनमीटर होते. म्हणजे सुमारे सव्वा लाख स्वयंपाकघरांइतकी. शहर-वायू कंपन्या आधी सीएनजी पंप का उघडतात आणि घरोघरी नळी नंतर का नेतात, ते यावरून समजते.
• कारखाने. जबलपूरमध्ये तोफगाडी कारखाना, वाहन निर्माणी, खमरिया येथील आयुध निर्माणी आणि ओतशाळा आहे. भट्ट्यांना स्थिर उष्णता लागते आणि वायू त्यासाठी सोयीचा आहे.
• चुना आणि खनिज उद्योग. जवळच्या कटनी भागात चुन्याच्या भट्ट्या आणि चुनखडीवर आधारलेले उद्योग आहेत. तेथे कोळसा स्वस्त पडतो. त्यामुळे हा ग्राहक मिळेल की नाही, हे वायूच्या दरावर अवलंबून राहील.
• हॉटेले, रुग्णालये, वसतिगृहे आणि घरे.

या यादीतील एकही ग्राहक एकट्याने वाहिनी भरू शकत नाही. म्हणून जबलपूरच्या बाबतीत शहरातील वितरणाचे जाळे किती लवकर वाढते, यावरच शाखेचे यश ठरेल.

८. जमीन आणि शेतकरी

वाहिनीसाठी जमीन विकत घेतली जात नाही. पेट्रोलियम आणि खनिज वाहिनी (जमिनीतील वापरहक्क संपादन) अधिनियम, १९६२ या कायद्यानुसार जमिनीच्या पोटातून नळी नेण्याचा हक्क घेतला जातो. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. काम झाल्यावर तो पुन्हा पेरणी करू शकतो.

कायद्याची प्रक्रिया थोडक्यात अशी : प्रथम अधिसूचना निघते. त्यानंतर २१ दिवसांत जमीनधारकाला हरकत घेता येते. हरकतींची सुनावणी होऊन वापरहक्क घोषित होतो. हक्काच्या मोबदल्यात जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते आणि पीक, झाडे वगैरेंचे नुकसान वेगळे भरून दिले जाते.

त्याबरोबर काही बंधने कायमची येतात. त्या पट्ट्यात घर, विहीर, तलाव किंवा बंधारा बांधता येत नाही आणि झाडे लावता येत नाहीत. गहू किंवा हरभरा पेरणाऱ्याला याचा त्रास कमी होतो. पण नागपूर भागातील संत्र्याच्या बागायतदाराच्या बागेतून पट्टा गेला, तर तेवढ्या भागात पुन्हा संत्रा लावता येत नाही. गावालगतच्या जमिनीवर पुढे मुलांसाठी घर बांधायचे असेल, तर तेही अडते. १० टक्के मोबदला सर्वांना सारखाच न्याय्य वाटत नाही, त्याचे हे कारण आहे. अधिसूचना निघाल्यावर आपला गट क्रमांक पाहणे, पट्टा नेमका कोठून जातो हे समजून घेणे आणि २१ दिवसांच्या आत हरकत नोंदवणे हे शेतकऱ्याच्या हातात असते. मुदत गेल्यावर मार्ग बदलून मिळणे फार कठीण होते.

९. सुरक्षितता

मुख्य वाहिनीतील दाब काही दशक बारांमध्ये असतो. घरात शिरताना तो केवळ २१ मिलिबारपर्यंत उतरवलेला असतो. म्हणून घरातील नळीपेक्षा शेतातील मुख्य वाहिनी अधिक सांभाळावी लागते. तिच्यावर पॉलिथिनचे आवरण असते. गंजू नये म्हणून सौम्य विद्युतप्रवाह दिला जातो. ठरावीक अंतरावर व्हॉल्व्ह असतात, म्हणजे गळती झाल्यास तेवढाच भाग बंद करता येतो. 'पिग' नावाचे उपकरण नळीच्या आतून फिरवून भिंत कोठे पातळ झाली आहे ते तपासले जाते.

या काळजीत हयगय झाल्यास काय होते, ते २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम गावात दिसले. पाण्याचा अंश असलेल्या वायूमुळे नळी आतून गंजली होती. गळलेला वायू जमिनीलगत पसरला, पहाटे पेटला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. क्षेत्रावरच वायू नीट कोरडा करणे आणि वाहिनीची आतून नियमित तपासणी करणे या दोन गोष्टी किती मोलाच्या आहेत, हे या दुर्घटनेने शिकवले.

शुद्ध मिथेनला वास नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून शहरात वितरण करण्याआधी त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. वाहिनीच्या मार्गावरील पिवळे खांब आणि त्यांवरील दूरध्वनी क्रमांक गावातील प्रत्येकाला माहीत असावेत. त्या पट्ट्यात कोणीही जेसीबीने खोदकाम सुरू केले, तर लगेच कळवावे. अपघात टाळण्यात स्थानिक लोकांचा हा वाटा फार महत्त्वाचा आहे.

१०. सारांश

• वायू साठवणे अवघड असल्यामुळे क्षेत्र, वाहिनी आणि ग्राहक यांची आखणी एकत्र करावी लागते.
• वाहिन्या मोठ्या आधार-ग्राहकांच्या दिशेने जातात. जबलपूर जवळच्या साठ्यांमुळे जोडले गेले नाही, कारण तेथे असा ग्राहक नव्हता.
• वाहिनीचा वहनखर्च तिच्यातून किती वायू वाहतो यावर ठरतो. पाऊण वाहिनी रिकामी राहिली, तर वायू महाग होतो.
• भारताच्या एकूण ऊर्जेत वायूचा वाटा सुमारे ६ टक्के आहे. तो २०३० पर्यंत १५ टक्के करण्याचे लक्ष्य सरकारने ठेवले आहे आणि वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा आयात होतो. त्यामुळे नव्या वाहिन्यांचे भवितव्य जागतिक दरांशीही जोडलेले आहे.
• पायाभरणीच्या दिवशी वाहिनीची लांबी आणि खर्च सांगितला जातो. पाच-दहा वर्षांनी तिच्यातून दिवसाला किती घनमीटर वायू वाहतो, हा आकडा तपासावा. नागपूर–जबलपूर शाखेचे मूल्यमापनही त्याच आकड्यावरून करावे लागेल.

स्वाध्याय

१. वायू सापडणे आणि वायुक्षेत्र विकसित होणे यांतील फरक हटा आणि वसई या उदाहरणांच्या साहाय्याने स्पष्ट करा.
२. शहडोलचा वायू जवळच्या जबलपूरऐवजी फूलपूरकडे का नेला गेला?
३. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या घेऊन परिच्छेद ५ मधील पद्धतीने घरगुती वायूची दैनंदिन मागणी काढा.
४. एका शहरात ५०० सीएनजी बस आहेत आणि प्रत्येक बस दिवसाला ६० किलो सीएनजी घेते. ही मागणी किती घरांच्या स्वयंपाकाइतकी आहे?
५. केजी-डी६ च्या घटत्या उत्पादनाचा काकीनाडा–भरूच वाहिनीवर आणि वीजकेंद्रांवर काय परिणाम झाला?
६. महामार्गालगत वाहिनी टाकण्याचे फायदे आणि अडचणी लिहा.
७. वापरहक्काच्या पट्ट्यातील बंधने धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आणि फळबागायतदाराला वेगवेगळी का जाणवतात? मोबदला ठरवताना हा फरक कसा लक्षात घ्यावा, याविषयी आपले मत मांडा.